पाणी कुठेतरी जाणारच

४ मार्च

ठके,

आशीर्वाद. आणि हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस, जरा टेक कुठेतरी.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं "हो, हो" करत होते. काय बोललीस ते एक अक्षर कळलं नाही. डावा कान केव्हाच गेला, उजवा लहर लागली तर ऐकतो. तुझे काका म्हणतात, मोबाइलवर मजकूर पाठवत जा. पण त्या इवल्या अक्षरांत धड भांडताही येत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं.

गेल्या वर्षीचं पाणी ओसरलं, पण घरातून गेलेलं नाही. भिंतींचा पोपडा सुटतो. स्वयंपाकघराचं दार असं फुगलंय की लावायला खांदा द्यावा लागतो. कपाटातली चादर काढली की ओल्या पोत्याचा वास. आणि आभाळ जरा काळवंडलं की आळीतल्या बायका गाद्या वर टाकायला लागतात. पूर्वी महिनाभर पडायचा तेवढा पाऊस आता एका दुपारी पडतो, त्याला कोण काय करणार?

पण काहीतरी करायलाच हवं. काकांनी आळीतल्या लोकांची समिती काढली आहे. बस चालवायचं सोडल्यापासून त्यांना हुकूम सोडायला माणसं मिळत नव्हती, आता मिळाली. सगळ्यांचं एकच म्हणणं आहे की नदीकाठाला चांगली उंच भिंत बांधा. "आपली पोर नगरपालिकेत बसली आहे, मग अडतंय कुठं?" असं मला रस्त्यात विचारतात. मी काय सांगू?

पलीकडच्या काठावरची शिंपीण तुझी आठवण काढते. तिच्या दुकानाची काजं-बटणं अजून मीच करते. सगळ्या गावात तिचंच बोलणं मला नीट कळतं, तेही तोंडात टाचण्या धरून बोलते तरी!

भिंतीचं बघ.

मावशी

१९ मार्च

मावशी,

तुला आणि काकांना नमस्कार. टेकून वाचलं पत्र, सभागृहाबाहेरच्या बाकावर.

भिंतीचं बोलणं चालू आहे. हवामान बदलतंय म्हणून प्रत्येक गावानं आपापला आराखडा करायचा, असं वरून आलंय, आणि थोडा निधीही येणार आहे. नगराध्यक्षांना भिंत हवी आहे. भिंत दिसते, तिच्यावर पाटी लावता येते.

पण आमच्याकडे नव्या इंजिनिअर बाई आल्या आहेत. बारीक आवाजात बोलतात, त्यामुळे नगराध्यक्ष त्यांचं अर्धं ऐकतच नाहीत. त्यांनी दुसरा मार्ग मांडलाय. काठावरच्या घरांची पहिली ओळ उठवायची, तिथली जमीन खाली करायची आणि पाण्याला पसरायला मोकळी ठेवायची. उठलेल्यांना टेकडीच्या बाजूला घरं द्यायची. नदीला अडवलं की ती चिडते, पसरू दिलं की शांत होते, असं त्या म्हणाल्या.

पहिल्या ओळीत तुझं घर येतं. म्हणून आधी तुलाच विचारते. रागावू नकोस. टेकडीवर कोरडं, उजेडाचं घर मिळालं तर जाशील?

पुढच्या महिन्यात लोकांसमोर उघडी बैठक आहे. त्यात इंजिनिअर बाई दोन्ही मार्गांचं बरंवाईट सांगणार आहेत. मग मतदान. दोन्ही काठ माझ्याच प्रभागात येतात, तेव्हा माझ्या मताकडे सगळ्यांचं लक्ष असेल.

तुझी ठकी

२८ मार्च

ठके,

रागावू नकोस म्हणालीस म्हणून दोन दिवस थांबले. तरी राग गेला नाही.

नदीला जागा द्यायची म्हणून माणसांची जागा घ्यायची, हा कुठला न्याय? नदी मत देते का तुला? या घरात मी सून म्हणून आले. सासूबाई याच खिडकीखाली गेल्या. तू शाळेत असताना सुट्टीभर इथेच लोळायचीस आणि घरी न्यायला आले की खाटेखाली लपायचीस. ते सगळं त्या बारीक आवाजाच्या बाईंना कोण सांगणार?

मी कदाचित गेलेही असते. मला काय, चार भांडी आणि एक सुईदोरा. पण काका? तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं तर उठून बाहेर गेले आणि अंगणात नुसतेच उभे राहिले. संध्याकाळी म्हणाले, "मला इथून काढलं तर मी वर्ष काढणार नाही." ते नाटकी माणूस नाहीत, तुला माहीत आहे. त्यांची छाती गेल्या वर्षीपासून बरी नाही. तुला कळवलं नव्हतं.

बैठकीला आम्ही सगळे येऊ. मला काही ऐकू येणार नाही, तेव्हा तू माझ्या शेजारी बस आणि त्या बाई काय म्हणतात ते कागदावर लिहून देत जा.

मावशी

२२ एप्रिल

मावशी,

नमस्कार. बैठकीनंतर तुम्ही सगळे बसमध्ये चढलात ते वरच्या खिडकीतून बघत होते. काका दारात उभं राहून सगळ्यांना मोजून आत घेत होते, अगदी पूर्वीसारखे.

झालं तुमच्या मनासारखं. भिंत मंजूर झाली, माझ्या हातासकट. टाळ्या वाजल्या तेव्हा तू माझ्याकडे बघून हसलीस. मला नीट हसता आलं नाही, गर्दीनं डोकं दुखत होतं.

एक सांगायचं होतं. शिंपिणीला म्हणावं, दुकानाला वर पोटमाळा काढून घे आणि मशिनं वर ने. उगाच नाही म्हणत. दिवस बदलले आहेत, काळजी घेतलेली बरी. तू सांगितलंस तर ती ऐकेल.

काकांना डॉक्टरांकडे ने.

ठकी

१० ऑगस्ट

ठके,

उद्‌घाटनाला का आली नाहीस? नगराध्यक्षांनी फीत कापली, काकांच्या गळ्यात हार पडला, आणि जिच्यामुळे हे झालं तिचाच पत्ता नाही. काम असेल म्हणा. मी सगळ्यांना तसंच सांगितलं. काका तर येईल-जाईल त्याला भिंतीवर थाप मारून दाखवतात, जशी काही म्हैसच विकायला काढली आहे. बरेच सावरलेत ते. आता जेवतात नीट.

एकच वाईट झालं. खिडकीतून आता नदी दिसत नाही, पलीकडचं दुकानही नाही. पूर्वी शिंपिणीनं दुकान उघडलं की मला इथून दिसायचं. आता पुलावर जायला भिंतीच्या पायऱ्या चढाव्या लागतात, माझे गुडघे कुरकुरतात. तिचेही कुरकुरत असतील, कारण ती आताशा येत नाही. कामही कमी पाठवते. धंदा मंद असेल.

तुझा पोटमाळ्याचा निरोप मी दिला होता. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला भिंत, आणि आम्हाला पोटमाळा?" मी हसले. म्हटलं, "अगं, तुमच्याकडेही होईल भिंत, माझी भाची आहे ना तिथे." ती मान खाली घालून कापड कापत राहिली. होईल ना गं त्यांच्याकडे?

मावशी

२१ ऑगस्ट

मावशी,

पलीकडच्या काठाचं दुसऱ्या टप्प्यात बघू असं ठरलंय. नक्की केव्हा ते सांगता येत नाही. इंजिनिअर बाईंच्या मागे लागून तिकडे वाळूची पोती आणि भोंगा पाठवला आहे. भोंगा वाजला की कोणी सामान आवरत बसू नये, लगेच टेकडीच्या रस्त्याला लागावं. हे तू शिंपिणीला पुन्हा पुन्हा सांग. तिच्याकडच्या इस्त्रीवाल्या आजोबांनाही सांग. ते मागच्या खोलीतच राहतात ना अजून?

घाईत आहे. सविस्तर नंतर.

ठकी

३ ऑक्टोबर

ठके,

आम्ही सुखरूप आहोत. घरात पाण्याचा थेंब आला नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहून झाल्यावर लिहावंसं वाटणार नाही.

डोंगरात पाऊस कोसळत होता ते तुला ठाऊकच असेल. दुपारी पाणी चढायला लागलं. आळीतले पुरुष भिंतीवर जाऊन उभे राहिले. पाणी भिंतीला धडका देत होतं आणि भिंत हलत नव्हती. कोणीतरी शिट्टी वाजवली म्हणे. काका ओरडून काही सांगत होते, त्यांचा चेहरा लग्नात होता तसा झाला होता. मीही पायऱ्या चढून वर गेले. बघते तर सगळ्यांचे हात खाली आले होते.

पलीकडे काठच उरला नव्हता. शिंपिणीच्या दुकानाच्या खिडकीतून पाणी आत आणि दारातून बाहेर, आणि त्याबरोबर कापडाचे तागे उलगडत चालले होते. गेल्या वर्षी तिच्या उंबऱ्याला लागलं होतं, एवढंच. या वेळी छपराला. माणसं पत्र्यांवर चढून बसली होती. आमच्याकडे बघत होती, ठके. आम्ही कोरड्या भिंतीवर उभे आणि ती आमच्याकडे बघत होती.

बोटी आल्या तेव्हा बरीच माणसं निघाली. इस्त्रीवाले आजोबा निघाले नाहीत. भोंगा वाजल्यावर ते टेकडीच्या रस्त्याला लागले होते. मग "लोकांचे कपडे राहिलेत" म्हणून मागे फिरले. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत सापडले.

शिंपिणीला मी घरी आणलं. माझं लुगडं दिलं, चहा दिला. तिनं कपाला हात लावला नाही. मी म्हटलं, "एवढं पाणी कसं गं आलं यंदा तुमच्याकडे?" तेव्हा तिनं मान वर केली आणि मला नीट दिसेल असं ओठ हलवत म्हणाली, "बैठकीत सांगितलं होतं ना त्या बाईंनी. भिंत बांधली तरी पाणी कुठेतरी जाणारच. अलीकडे अडवलं की पलीकडे चढेल. मी हात वर केला, तर म्हणाले भाडेकरूंचं नंतर ऐकू. आणि तू टाळ्या वाजवल्यास."

मी म्हटलं, मला हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तुझी भाची तर शेजारी बसून लिहून देत होती."

बाई गं, म्हणून ती येत नव्हती. गुडघे नव्हते कुरकुरत. ती सहा महिने असं समजून होती की मला सगळं कळलं आणि तरीही मी टाळ्या पिटल्या.

तू मला काय लिहून दिलंस ते आठवतं मला. "बाई म्हणतात, भिंत टिकेल." एवढंच.

लाडानं ठकी म्हणत आले तुला. मलाच ठकवशील असं वाटलं नव्हतं.

मावशी

९ ऑक्टोबर

मावशी,

काय लिहू. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे.

इंजिनिअर बाई बोलत होत्या तेव्हा मी लिहायला घेतलं होतं. "पण पलीकडे" एवढं लिहिलं आणि थांबले. तू कागदाची वाट बघत होतीस, काका तुझ्याकडे बघत होते. त्यांची छाती, त्यांचं "वर्ष काढणार नाही" हे लिहिलेलं तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी ते दोन शब्द खोडले. तुला कळलं असतं तर तू तिथेच उठून उभी राहिली असतीस, मग समिती फुटली असती, काकांचं काय झालं असतं कोणास ठाऊक. असं मी स्वतःला सांगितलं.

पण सगळंच काकांवर ढकलणं बरोबर नाही. अलीकडच्या काठावर घरमालक आहेत, त्यांची मतं आहेत. पलीकडे भाडेकरू, निम्म्यांची नावंही मतदार यादीत नाहीत. हा हिशेब माझ्या डोक्यात नव्हता असं मी म्हणू शकत नाही. पोटमाळा काढ म्हणून निरोप दिला, पोती पाठवली आणि तेवढ्यावर स्वतःची समजूत घातली.

इस्त्रीवाल्या आजोबांच्या अंत्ययात्रेत मी मागे उभी होते. शिंपिणीनं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मी राजीनामा लिहिला आहे. सोमवारी देणार आहे.

ठकी

१७ ऑक्टोबर

ठके,

सोमवार गेला. दिला नसशील अशी आशा आहे, म्हणून लिहिते. दिला असशील तर परत माग.

राजीनामा म्हणजे काय? सांडलेलं दुसऱ्यानं पुसायचं आणि आपण हात धुऊन घरी बसायचं. तू गेलीस की तुझ्या जागी नगराध्यक्षांचा कोणी माणूस येईल. तो पलीकडेही भिंत बांधेल, त्यावरही पाटी लावेल, आणि मग पाणी खालच्या गावात शिरेल. तिथेही कोणी इस्त्रीवाला असेलच.

त्या बाईंचा दुसरा मार्ग पुन्हा मांड. पहिली ओळ उठवायची असेल तर उठवा. आमचं घर पहिलं घ्या, असं सभेत माझ्या नावानं सांग. आणि पलीकडच्या भाडेकरूंनाही टेकडीवर जागा मिळाली पाहिजे, ते नंतर-बिंतर चालणार नाही.

काकांना मी हे काल सांगितलं. ते म्हणाले, "तुझी मैत्रीण की आपलं घर?" मी म्हटलं, मैत्रीण आतल्या खोलीत बसली आहे, हळू बोला. तसे उठून अंगणात गेले. समितीतले लोक आले, मला समजवायला लागले. मला ऐकू येत नव्हतं, पण चेहरे कळत होते. एक जण बोट नाचवत होता. मी त्याला म्हटलं, "तू शिट्टी वाजवलीस ना त्या दिवशी?" मग तो निघून गेला. आता शेजारीण वाळत घातलेले कपडे काढायचे असले तरी माझ्याकडे पाठ करून काढते.

मी तुला माफ केलं असं समजू नकोस. ते वेगळं आणि हे वेगळं.

मावशी

१६ जानेवारी

मावशी,

नमस्कार. ठराव झाला. एका मतानं.

पहिली ओळ उठणार, तिथली भिंत काढून मागे दुसऱ्या ओळीजवळ ठेंगणी बांधणार, मधली जमीन पाण्यासाठी मोकळी. टेकडीवरच्या घरांत भाडेकरूंचा वाटा धरला आहे. त्यासाठी सगळ्यात जास्त भांडावं लागलं. इंजिनिअर बाई या वेळी ध्वनिक्षेपक तोंडाजवळ धरून बोलल्या.

काका विरोधात बोलले, ते त्यांनी तुला सांगितलं असेल किंवा नसेल. उठले आणि म्हणाले, "मी इथे कोणाचा काका म्हणून उभा नाही. ज्यांनी आम्हाला भिंत दिली तेच आज ती काढतात, मग आम्ही विश्वास कोणावर ठेवायचा?" "माझ्यावर ठेवू नका, पाण्याकडे बघा," एवढंच मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

माझ्या घराच्या खिडकीवर कोणीतरी दगड मारला. काच बसवून घेतली आहे. काळजी करू नकोस.

ठकी

१२ ऑक्टोबर

ठके,

बरेच महिने पत्र नाही लिहिलं. सामान हलवण्यात आणि मन लागण्यात गेले.

हे घर कोरडं आहे, तू म्हणाली होतीस तसं उजेडाचंही आहे. तिसऱ्या मजल्यावर असल्यानं शेजारच्यांची ओळख जिन्यातच होते. काका शेवटच्या दिवसापर्यंत "मी येत नाही" म्हणत होते. ट्रक आला, सामान चढलं, तरी अंगणात उभे. मी चढून बसले. जरा वेळानं आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "सरक, तुला गिअर नीट टाकता येत नाही." ड्रायव्हर काही सरकला नाही, पण रस्ताभर शिव्या खात आला. घर पाडलं त्या दिवशी मात्र ते बघायला गेले नाहीत. मी गेले होते. घर पडायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही गं.

वर्ष काढणार नाही म्हणाले होते. अजून आहेत. पण पूर्वीचे राहिले नाहीत. बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात आणि खाली कुठली बस किती उशिरा आली ते स्वतःशीच पुटपुटतात. मला अजून तोडूनच बोलतात. ही किंमत कोणी ठरावात लिहिली नव्हती.

गेल्या आठवड्यात पाणी आलं. सगळे टेकडीच्या रस्त्यावर उभे होतो. नदी आमच्या जुन्या आळीच्या जागेवर आली आणि रुंद होत गेली, जशी एखादी जाडी बाई बाकावर ऐसपैस बसावी. पलीकडे दुकानात घोट्याएवढं शिरलं. शिंपिणीची मशिनं वर होती, आणि माणसंही वरच, आमच्याजवळ होती. कोणी गेलं नाही. दुसऱ्या ओळीतल्यांच्या अंगणात मात्र पाणी आलं, पूर्वी यायचं नाही तेवढं. ते मला दोष देतात. त्यांचं सगळंच चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही.

शिंपिणीनं नवा इस्त्रीवाला ठेवला नाही. कपडे स्वतःच इस्त्री करते, वाईट करते. गिऱ्हाइकं कुरकुरतात, ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. काजं पुन्हा माझ्याकडे येतात.

मधूनमधून तू फळं पाठवतेस ती पोचतात. एकदा मी तिच्यापुढे ठेवली. तिनं विचारलं कोणाकडून, मी सांगितलं. तिनं खाल्ली नाहीत, पण फेकलीही नाहीत.

तू विचारलं आहेस, पुन्हा निवडणुकीला उभी राहू का. राहा. मत देईन की नाही ते आत्ताच विचारू नकोस. तुझ्या सभेला मात्र नक्की येईन, शिंपिणीला बरोबर घेऊन.

तिला चांगलं ऐकू येतं.

मावशी